पाय उचलला की गाडी थांबते

५ फेब्रुवारी, सोमवार

आज ड्रायव्हरकाकांच्या घरातून एकच बूट घालून बाहेर पडले. उजवा बूट त्यांच्या दारातच निसटला आणि मला पत्ता नाही! अंगण ओलांडलं, गाडीचं दार उघडलं, तेव्हा मागून हाक आली — "सिस्टर, बूट आम्हाला बक्षीस देऊन चाललात की काय?" वळून पाहिलं तर काका काठी टेकत उंबऱ्यात उभे, हातात माझा बूट.

मी हसले. घाई हो, दुसरं काय, म्हटलं. ते हसले नाहीत. माझ्या पायाकडे बघत राहिले. पायमोजा चिंब झाला होता. अंगणात पाणी साचलं होतं आणि मी त्यातूनच चालत आले होते. ओलं लागलंच नाही.

काकांना का हसू आलं नाही ते मला माहीत आहे. आयुष्यभर शहराच्या बस चालवलेला माणूस. साखरेनं दोन्ही पावलं बधिर झाली. गेल्या वर्षी मीच त्यांचे पाय तपासले, मीच त्यांच्या गाडीची किल्ली खुंटीवरून काढून त्यांच्या मुलीच्या हातात दिली. चांगलं दटावून दिली वर. त्यांच्याही पायातून बूट असाच निसटायचा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

हे कामावर गेल्यावर न्हाणीघराची कडी लावून घेतली. घरात चिटपाखरू नाही, तरी कडी!

पिशवीतला नायलॉनचा दोरा काढला. यानंच मी दिवसभर लोकांचे तळवे तपासते. दोरा वाकेपर्यंत टेकवायचा, समोरच्यानं डोळे मिटून "लागलं" म्हणायचं. स्वतःचं स्वतः करताना लबाडी करता येते, आपला हात कुठे आहे ते आपल्याला ठाऊकच असतं. मी लबाडीही करून पाहिली. टाच सोडली तर उजव्या पायावर कुठेच "लागलं" म्हणता आलं नाही. बोटं खाली दाबायला गेले तर तीही आळशासारखी हलतात. डावा मात्र लख्ख जागा. त्याचीही पाळी येईल.

आईचं हेच झालं. आधी चप्पल निसटायला लागली, मग कधी फोड आला ते तिला कळलं नाही, मग पाऊल गेलं. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वॉर्डात सगळ्यांच्या पायांवरची पांघरुणं मी नीट करायचे आणि आईचं पांघरूण जिथे सपाट व्हायचं तिथे बघायचे नाही.

रक्त तपासावं का? रोज लोकांची बोटं टोचते, समोरचा कचरला तर "मुंगी चावते तेवढंच" म्हणते. स्वतःच्या बोटाला सुई लावायची छाती नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आकडा एकदा दिसला की तो सांगावा लागेल. सांगितला की गाडी जाईल, कारण बधिर पायानं गाडी चालवायची नाही हा नियम मीच सगळ्यांना सुनावत आले. गाडी गेली की घरोघरची फेरी गेली. मग निवृत्त होईपर्यंत तळमजल्यावर बसून बँडेजची खोकी लावायची. माझे म्हातारे, माझ्या म्हाताऱ्या, सगळे दुसऱ्याच्या हाती.

नको. अजून नको.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी गाडी आली! जुन्या डबड्यातून सुटका. ही अर्धी विजेची, अर्धी पेट्रोलची. भिंतीतल्या प्लगला लावून भरायची. चालू केली तरी आवाज नाही. मी दोनदा बटण दाबलं, ती दोनदा चालू होऊन बंद झाली, आणि गाडीखात्याचा प्लगदादा खिडकीतून म्हणाला, "ताई, ती चालूच आहे. बिचारीला झोपू द्याल की नाही?"

मग त्यानं मला आणि पाखरूला आवारातच धडे दिले. पाखरू म्हणजे आमची नवी नर्स. दार आपटलं तरी दचकते म्हणून हे नाव पडलं. फेरीची गाडी आता आम्ही दोघी आलटून पालटून नेणार. "डी म्हणजे रोजचं. बी म्हणजे पाय उचलला की मोटर उलटं काम धरते. चाकांनाच राबवून वीज काढते, ती बॅटरीत जाते, आणि त्या ओढीनं गाडी आपोआप मंदावते." स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत, त्यांनी ती ओढ कमी-जास्त करता येते. शिवाय निव्वळ विजेवर चालवायचं बटण वेगळं, इंजिन आणि मोटर दोन्ही जोडीनं चालवायचं वेगळं, बॅटरी पुढच्यासाठी राखून ठेवायचं वेगळं. एवढे पर्याय तर मला लग्नाच्या वेळीही नव्हते.

चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं, हे मात्र त्यानं बजावून सांगितलं. पाखरूनं "का?" विचारलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी विचारलंही नाही. माझं लक्ष पायाकडे होतं. क्लच नाही, म्हणजे सगळा भार उजव्यावरच आला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! पाच दिवस डीमध्ये जीव मुठीत धरून चालवत होते. आज आमच्या दवाखान्याच्या उतारावर बी लावून पाहिलं, पात्यानं ओढ पुरती वाढवली. पाय उचलला आणि गाडी अशी मंदावली, जणू कुणी मागून पदर धरला. ब्रेकला हात — म्हणजे पाय — लावायलाच नको!

नीट लिहून ठेवते, मलाच समजावं म्हणून. ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते गाडी सांगते. समोर आकडा चढतो, पाठ सीटला टेकते. त्याला तळव्याची गरज नाही, मांडीवर भागतं. ब्रेक मात्र पायालाच विचारावा लागतो — आलास का, बसलास का, किती दाबतोस? आणि माझा पाय उत्तर देत नाही. बीमध्ये तो प्रश्नच मिटतो. दाबला की पुढे, उचलला की मंद.

अगदी शेवटचं रांगणं तेवढं उरतं. बीमध्येही गाडी पूर्ण थांबत नाही, मुंगीच्या पावलानं सरकत राहते. तेव्हा खाली बघायचं, पाय नजरेनं उचलून ब्रेकवर ठेवायचा, नजरेनं दाबायचा. वेळ भरपूर असतो.

उताराच्या तळाशी शाळेपुढचे पांढरे पट्टे आहेत. आज तिथे मुलांना जाऊ दिलं. एकीनं मला हात केला. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

हे आज दवाखान्यापासून घरापर्यंत माझ्याबरोबर आले. यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं, धक्का लागला की यांच्या कपाळाला आठी पडते. माझ्या गाडी चालवण्याला इतकी वर्षं "मिक्सर" म्हणत आले. आज म्हणाले, "तू ब्रेक मारतच नाहीस! लोण्यासारखी चालवतेस की." आणि वर, "या वयात सुधारलीस."

मी खुशाल कौतुक घेतलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण कौतुक इतकं दुर्मीळ आहे की परत कोण करणार.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्ट्याचे बूट घेतले. आता निसटत नाहीत.

२८ फेब्रुवारी, बुधवार

ड्रायव्हरकाकांच्या जखमेची पट्टी बदलली. भरत आलीय. नव्या गाडीची चौकशी झाली. मी बीचं सांगितलं तर तोंड वाकडं केलं — "यात नवं काय? उतारावर ब्रेक दाबत बसणाऱ्याला आम्ही शिकाऊ म्हणायचो. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, इंजिनच धरून ठेवतं." मग जरा थांबून — "पण ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, सिस्टर. गियर कधी दगा देईल सांगता येत नाही. पाय द्यायला नको."

मी बँडेज गुंडाळत राहिले. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"पट्ट्याचे घेतलेत?"

"हो. बरे पडतात."

"मीही घेतले होते."

बाहेर आल्यावर गाडीत नुसती बसून राहिले. म्हातारा चांगलाच खट आहे. रागच आला मला. त्यांची गोष्ट वेगळी होती, त्यांचे दोन्ही पाय बधिर झाले होते, त्यांना गाडी हवी होती ती चौकात मित्रांकडे गप्पा मारायला जाण्यासाठी. मी काही हौसेनं फिरत नाही!

हे लिहून झालं, वाचलं, आणि माझीच मला लाज वाटली. बस चालवणाऱ्या माणसाला हौस नसेल का? मला फेरीची आहे तशीच ना?

४ मार्च, सोमवार

सकाळी उतारावर ओढ जरा ढिली वाटली. इंजिनही मधेच जागं झालं. शाळेच्या आधी मंदावली, पण रोजच्यापेक्षा उशिरा. थंडीमुळे असेल. प्लगदादाला विचारायला हवं, पण विचारलं तर तो "ब्रेक कसा लागतो?" असं विचारेल. राहू दे.

७ मार्च, गुरुवार

पाखरूला आज पाय तपासायला शिकवलं. दोरा कसा धरायचा, कुठे टेकवायचा, माणसाचं तोंड कसं वाचायचं. ती विचारते, "ताई, माणसं खोटं का बोलतात हो? लागत नसलं तरी लागलं म्हणतात." मी म्हटलं, घाबरतात. "कशाला? आपण तर मदतच करतो ना?" चोवीस वर्षांची पोर. पुढच्या पेशंटचा पत्ता शोधायचं सोंग केलं.

सोंग चांगलं वठतंय माझं. इतकं की कधी कधी दिवसभर पायाची आठवणही येत नाही.

१२ मार्च, मंगळवार

आधी हे लिहून काढते.

लांबची फेरी होती, पाखरू बरोबर होती. गेटातून निघाले, बी लावला, पात्यानं ओढ पुरती वाढवली, सगळं रोजच्यासारखं. पाखरू म्हणाली, "ताई, आज मजा! मी पहाटे येऊन गाडी पूर्ण शंभर भरून ठेवली, तुम्हाला वाटेत थांबायला नको म्हणून." शाबास म्हटलं मी तिला. शाबास!

उतार लागला. पाय उचलला. काहीच नाही. गाडी मंदावेना. इंजिन ओरडायला लागलं, पण ओढ नाही, आकडा चढतोच आहे. खाली पांढरे पट्टे, पट्ट्यांवर एक माणूस, पुढ्यात बाळाची गाडी, शेजारी दप्तर लावलेली मुलगी. मी पाय ब्रेकवर टाकला. टाकला असं मला वाटलं. दाबला, आणि गाडीनं उसळी मारली! मी खाली पाहिलं. बुटाचं टोक अजून ॲक्सिलरेटरवरच होतं.

रस्ता वर होता आणि मी खाली बघत होते. त्या क्षणी रस्त्यावर कोण आहे ते मला दिसत नव्हतं. हे मी लिहून ठेवणार आहे. मला दिसत नव्हतं.

मग जोरात हिसका बसला. गाडी थांबली. पाखरूनं मधलं हातब्रेकचं बटण वर ओढून धरलं होतं. दोन्ही हातांनी, डोळे गच्च मिटून. पट्टे बोनेटच्या खाली गेले होते. तो माणूस बाळगाडीच्या पुढे येऊन उभा होता, पोरीला पाठीशी घेऊन. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाळाची टोपी नीट केली आणि निघून गेला.

पाखरूनं डोळे उघडले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही ब्रेक शोधत होतात."

मी म्हटलं, गाडीत बिघाड आहे.

१३ मार्च, बुधवार

प्लगदादानं गाडी तपासली. काही बिघाड नाही. "बॅटरी गच्च भरलेली होती. भरल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? मोटरनं काढलेली वीज ठेवायला जागाच नाही, म्हणून तिनं ओढ धरली नाही. आपण डोंगरावर, निघालं की लगेच उतार, म्हणून तर मी ऐंशी म्हणत होतो." डोकं खाजवत म्हणाला, "पण ताई, ब्रेक ठणठणीत आहेत. ब्रेक का नाही मारलात?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. आमच्या खात्याच्या मुख्य, त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शंभर कुणी केली? पाखरू पुढे झाली. सांगितलेलं असताना का केली? "ताईंची लांबची फेरी होती..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तिच्यावर लेखी ठपका ठेवणार म्हणाल्या. फेरीवरूनही काढणार. अजून वर्ष भरलं नाही तिचं, नोकरी पक्की नाही.

मी ब्रेक शोधत होते हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि मी शेजारी उभी होते. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. घरी आले. यांनी विचारलं, दमलीस? हो म्हटलं.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी कपडे बदलायच्या आधीच मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाल्या तरी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, पाखरूची चूक बॅटरीपुरती. गाडी तरीही थांबली असती, ब्रेक होता. माझा उजवा पाय बधिर आहे. ब्रेक मला कळत नाही. मी महिनाभर बीच्या जोरावर लपवत आले. त्या पोरीनं परवा तीन माणसांचा जीव वाचवला आणि तिनंच ठपका खायचा?

किल्ली टेबलावर ठेवली. ठेवताना वाटलं होतं तसं काही झालं नाही. रडू आलं नाही. नुसतं हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचाच राग आला — इतकं सोपं होतं तर!

मोठ्या सिस्टरांनी किल्ली खणात टाकली. मग म्हणाल्या, "बूट काढा." स्वतः खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला, दोरा काढला. डोळे मिटायला सांगितले. मी डोळे मिटून वाट बघत राहिले, कधी सुरू करतात म्हणून. त्या म्हणाल्या, "झालं, उघडा."

तेव्हा मात्र रडले.

"आणि डावा?" तो ठीक आहे अजून, म्हटलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, डावाही तपासला, आणि डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. पाखरूवरचा ठपका मागे घेतला. माझं काय करायचं ते तपासण्यांनंतर ठरेल.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. आईचंही, भीतीचंही. शेवटी म्हणाले, "मला लोणी म्हणून खपवलंस." मग माझा पाय हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. त्यांचा हात मला दिसत होता.

१८ मार्च, सोमवार

निरोपाची फेरी. पाखरूनं गाडी चालवली, मी शेजारी. उतारावर तिनं बी लावला तरी पाय ब्रेकवर तयार ठेवला होता. मी तिच्या पायाकडेच बघत होते. शाळा मागे पडली. मग ती एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मीही सांगितलं नसतं. पण मग तुमच्या गाडीत परत बसलेही नसते." म्हटलं, बरोबर आहे तुझं.

ड्रायव्हरकाकांनी मला डाव्या बाजूच्या दारातून उतरताना पाहिलं.

"किल्ली कुणी घेतली?"

"कुणी नाही. मीच दिली."

"मग माझ्यापेक्षा बऱ्या तुम्ही," म्हणाले. "मी तर दुसरी किल्ली गादीखाली ठेवली होती, चार महिने. पोरीला अजून माहीत नाही." आणि पहिल्यांदाच हसले. मीही हसले. मग मी गेल्या वर्षी फार कडक बोलले म्हणून माफी मागितली. हात उडवून म्हणाले, "कडक बोललात म्हणून तर राग टिकला. रागानं दिवस बरे जातात."

जाताना पाखरूला बजावलं त्यांनी — या बाईंचा पत्ता लिहून ठेव, पोरी, आता यांच्याही घरी फेरी लागेल. मी मनाची तयारी केलीच आहे. साखरेचं पथ्य, रोज तळवे आरशात बघणं, सगळं ठाऊक आहे. आईला जमलं नाही ते मला जमेल.

२२ मार्च, शुक्रवार

साखर नाही.

रक्त दोनदा तपासलं. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं पाय बधिर होतात तेव्हा दोन्ही होतात. एकाच पायाला झालं तर कारण दुसरं शोधायचं. सिस्टर, हे तर तुम्हीच मुलींना शिकवता ना?"

हो. मीच शिकवते.

कंबरेत मणक्याची गादी सरकून नस दाबली गेली आहे. सोमवारी ऑपरेशन. पाय परत येईल का, असं विचारलं. त्यांनी फिल्म दिव्यापुढून काढली, पाकिटात घातली.

"सुरुवातीलाच आला असतात तर हो म्हणालो असतो."